भंडारदऱ्याला कुंदाताईंसोबत

कुंदाताई पेडणेकर उताराच्या तोंडाशी आल्या की सायकल थांबवायच्या, दोन्ही पाय जमिनीवर टेकवायच्या आणि मोठ्याने जाहीर करायच्या, "मी भियालंय हां!" मगच ब्रेकवर बोटं ठेवून सायकल सोडायच्या. आरे कॉलनीतला साधा उतार असला तरी हेच. सकाळी फिरायला आलेली माणसं वळून बघत, हसत. कुंदाताईंना त्याचं काहीच वाटत नसे.

मरोळला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या आमच्या कंपनीत त्या स्टोअर सांभाळायच्या. मी खोक्यांवरची डिझाइन्स करायचे. मुलुंडला राहायच्या, मूळच्या कुडाळकडच्या. एरवी चारचौघांसारखं बोलायच्या, पण चिडल्या किंवा घाबरल्या की मालवणी सुरू. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून पन्नाशीनंतर त्या सायकल शिकल्या, तेही लेकीला मागून सीट धरायला लावून. लेक लग्न होऊन नाशिकला गेली तेव्हा यांना सोबत हवी होती, आणि मी सापडले.

"एवढी भीती वाटते तर चालवता कशाला?" मी एकदा विचारलं.

"अगो, भीती वाटता म्हणून घरात बसलं असतं तर माझं लगीन तरी झालं असतं काय?" त्या म्हणाल्या. वर आणखी, "धीट माणसाचे फोटो भिंतीवर लागतत. भित्र्याक नातवंडां दिसतत."

मी त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान आणि कितीतरी जास्त भित्री. फक्त ते कुणाला कळू देत नसे.

भंडारदऱ्याच्या धरणाला सायकलवरून पूर्ण फेरी मारायची, हे खूळ त्यांचंच. गणपती गेल्यावर आम्ही त्यांच्या गाडीला सायकली बांधून निघालो. रात्री शेंडी गावात मुक्काम केला आणि सकाळी पाणी डाव्या हाताला ठेवून निघालो. पहिला टप्पा फार सुंदर होता. बांधांवर पिवळी सोनकी, भाताचा ओला वास, मधूनच झाडांआडून चमकणारं पाणी. कुंदाताई प्रत्येक उताराला थांबून आपली भीती सांगत होत्या. एका शेतातली बाई ते ऐकून म्हणाली, "मग हळू जा की, मावशी!"

घाटघर मागे पडलं आणि धुकं आलं. आलं म्हणजे दरीतून वर चढून रस्त्यावर बसलं. पुढचं चाक तेवढं दिसत होतं. फोनला रेंज नव्हती. पावसाने एके ठिकाणी रस्त्याची कड खचली होती, तिथून आम्ही सायकली हातात धरून डोंगराला चिकटून गेलो. खाली दगड घरंगळल्याचा आवाज आला, पण तो कुठे जाऊन पडला ते ऐकूच आलं नाही.

पुढे उतार लागला. कुंदाताई थांबल्या. मी त्यांच्या नेहमीच्या वाक्याची वाट बघत होते. त्या काही बोलल्या नाहीत. सायकल आडवी टाकली आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या.

"काय झालं, ताई?"

"काही नाही. जरा बसते."

त्यांच्या कपाळावर घाम होता, त्या गारठ्यात. डावा हात त्यांनी उजव्या हाताने धरून ठेवला होता. मला सगळं एकदम कळलं. त्यांनी कमरेच्या पाऊचमधली हृदयाची गोळी जिभेखाली ठेवली आणि अगदी स्वच्छ मराठीत, स्टोअरमध्ये माल द्यावा तशा आवाजात म्हणाल्या, "शुभा, पुढच्या गावात जा. जीप घेऊन ये. उतारावर पुढचा ब्रेक एकटा दाबू नकोस."

"तुम्हाला एकटीला टाकून?"

"मला कोण नेणार आहे इथून? जा."

मी गेले. तो उतार मी कसा उतरले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी रडत होते आणि मोठमोठ्याने काहीतरी बोलत होते. एका वळणावर मागचं चाक घसरलं, गुडघा सोलवटला, पुन्हा बसले. मागे वळून बघायची हिंमत नव्हती. आपण परत येऊ तेव्हा त्या दगडावर काय दिसेल, एवढाच विचार डोक्यात घुमत होता.

गावातल्या पहिल्याच घरापुढे जीप उभी होती. घरातल्या माणसाने काही न विचारता चावी घेतली. त्याची बायको घोंगडी घेऊन मागे बसली. आम्ही पोचलो तेव्हा धुकं तसंच होतं. कुंदाताई दगडाला टेकून बसल्या होत्या. डोळे उघडे होते. त्या पापणी हलवेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

घोटीला प्रथमोपचार झाले, मग नाशिकला लेकीच्या ओळखीच्या डॉक्टरांनी स्टेंट घातला. त्यांना जरा बरं वाटल्यावर मी विचारलं, "तेव्हा का नाही म्हणालात, भियालंय म्हणून?"

"बोलले असते तर तू गेली असतीस?" त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या सव्वा वर्ष होत्या. सायकल बंद झाली. गेल्या मार्गशीर्षात झोपेतच गेल्या. त्याच्या थोडं आधी मी मुलुंडला भेटायला गेले होते. त्या अंथरुणावर बसून वाटाणे सोलत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "तू गेलीस ना जीप आणायला, तेव्हा मध्येच धुकं फाटलं. थोडा वेळच. सगळं धरण दिसलं गो. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाण्यात ढग, डोंगराची सावली. छातीत कळ येत होती, मरणाचं भय वाटत होतं, आणि मी आपली बघत बसले."

"हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"सांगून काय? माका तुझो राग येत होतो." त्यांनी एक शेंग फोडून दाणे माझ्या हातावर ओतले. "एवढा सगळा दिसता हा, आणि ही पोरगी नेमकी खंय गेली?"