व्हर्लीनच्या घरातला गारवा

फिनिक्सच्या भर उन्हाळ्यात, जुलैत, एसी बंद पडला की जीव नकोसा होतो. माझ्या शेजारणीचा, व्हर्लीनचा, तसाच पडला. वॉरंटी कंपनीने माणूस पाठवला आणि "घर गार आहे, एसीला काही झालेलं नाही" असं सांगून दावा फेटाळला. माझं डोकंच फिरलं. मी भांडून त्याला परत बोलावलं आणि थेट परसातल्या एसीच्या मशीनपाशी नेलं.

"डोळे उघडून बघ! वायर उंदरांनी खाल्लीय, मोटर जळलीय. हे चालतंय?"

त्याने झाकण उघडून आत वाकून पाहिलं. "हे तर कधीच मेलंय."

आम्ही घरात व्हर्लीनकडे गेलो. बाहेर अंगाची लाही होत होती, आत मात्र तोंडातून वाफ निघत होती. एसीचं तापमान ठरवणाऱ्या भिंतीवरच्या थर्मोस्टॅटपाशी तर बोटं बधिर झाली. व्हर्लीनला उकाडा सोसत नाही म्हणून तिचा नवरा ऑरिन उन्हाळाभर तिथेच उभा राहून पहारा द्यायचा, बटणाला कुणाला हात लावू द्यायचा नाही. त्याला जाऊन दोन वर्षं झाली.

कंपनीचा माणूस दाराकडे सरकत व्हर्लीनला म्हणाला, "बाई, गारवा फुकट मिळतोय, मग भांडता कशाला?"

व्हर्लीनने शाल आवळून घेतली.

"मशीन सुरू झालं ना, की ऑरिनला जरा बसता येईल."