कन्यादानाला तिसरा पाट

बेलापुरात दारू सोडलेल्या चौघांनी एक खोली भाड्यानं घेतली होती. स्वयंपाक आळीपाळीनं करायचा, आणि दारू असेल तिथं एकट्यानं जायचं नाही, हा नियम. कचरू त्यांच्यातला सगळ्यात जुना. थोरल्या मुलीच्या लग्नात तो पिऊन भर मांडवात आडवा झाला होता. त्यामुळं धाकटीचं ठरलं तेव्हा गीताबाईनं नवऱ्याला निरोप धाडला, "शुद्धीत येनार असाल तरच कोल्हारला या."

नियमाप्रमाणं कचरूनं राखणीला खोलीतल्या छगनला बरोबर घेतलं.

मांडवामागं वऱ्हाडी हातभट्टीची घेत बसले होते. व्याह्यांनी हाक मारली, "या की पाव्हनं! घोटभर घेतल्यानं काय मरताय व्हय?"

"मी न्हाई मरत. पोरगी शरमंनं मरंल," म्हणत कचरू वळला. पाहतो तर छगन जागचा हलेना. नजर पेल्यावर खिळलेली.

"छगन्या, चल."

"तुमी व्हा फुडं, दादा. मी आलोच."

हे 'आलोच' कचरूनं गीताबाईला आयुष्यभर ऐकवलं होतं. तिकडं भटजी कन्यादानासाठी ओरडत होते. कचरूनं छगनचं मनगट धरलं, ते पाटावर बसला तरी सोडलं नाही.

"आता कन्यादान तिघांनी करायचं का काय?" कुणीतरी म्हणालं, आणि सगळा मांडव हसला.

गीताबाईनं आधी नवऱ्याच्या तोंडाचा वास घेतला. मग त्याच्या मुठीतलं छगनचं मनगट पाहिलं, आणि मांडवामागं वळणारी छगनची नजरही.

"भटजीबुवा, थांबा जरा," ती म्हणाली. "भावजींनाबी पाट आना."