खेळातलं ओझं

त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असावं. माझी दहावी झाली होती. सुट्टीत दादा पुण्याहून गावी, लासुर्ण्याला आला तो नवा खेळ घेऊनच. इंजिनिअरिंगच्या मित्राकडचं त्या खेळाचं इंग्रजी पुस्तक त्यानं झेरॉक्स करून आणलं होतं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चौकोन आखायचे, चिंचोका म्हणजे आपण, आणि गुहेत शिरायचं. पुढचं सगळं दादा बोलून रंगवायचा. सोबत काय घेतलं ते आधी सांगायचं: दोर, कंदील, तलवार, भाकरी. ओझं कमी तर एका डावात आठ घरं, जास्त तर चारच.

मला हा नियम पहिल्यापासून खुपला. मला बारामतीला होस्टेलवर राहून शिकायचं होतं. माझ्या धाकट्या बहिणीचा एक पाय लहानपणीच पोलिओनं अधू झालेला; चालताना त्याला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर लावावा लागायचा. वडील पहाटेच कारखान्यावर जायचे, आईला सायकल येत नव्हती, त्यामुळं तिला रोज शाळेत मीच सायकलवर डबलसीट न्यायचे. तू गेल्यावर हिचं कसं, असं आई येताजाता विचारायची आणि मला जीव नकोसा व्हायचा.

धाकटीनं खेळात सोबत काहीच घेतलं नाही. फक्त विचारलं, "दादा, कॅलिपरचं वजन धरायचं का?"

दादा ओशाळला, नको म्हणाला. मग तिचा चिंचोका आठ-आठ घरं पळत सुटला. ती इतकी खिदळत होती की आई बाहेर येऊन बघून गेली.

तेवढ्यात दादानं गुहेत दरड पाडली. म्हणाला, धाकटी जखमी, आता तिला चालता येणार नाही, आणि मागून पाणी चढतंय. मला त्याचा भयंकर राग आला. तलवार, दोर, सगळं टाकून मी तिला उचललं. तरी चारच घरं, दादा म्हणाला. दाराच्या अलीकडंच दोघी बुडालो.

मला वाटलं, ती गळ्यात पडेल. तिनं चिंचोके भिरकावले. "उचलू का म्हणून मला इचारलं व्हतं का कुणी? परत खेळायचं. आन् आता मला हात लावायचा न्हाय, अक्का."

परत खेळलो. तीच दरड, तेच पाणी. तिला तिथंच सोडून आठ घरं मोजायची, तर माझं बोट काही पुढं सरकेना. शेवटी तिनंच माझा चिंचोका उचलून दारापलीकडं ठेवला, आणि भिंतीला धरून आत गेली. आईला म्हणाली, "अक्काला बारामतीला धाडा. शाळंचं माझं मी बघती."

कसं बघणार होती, ते तिलाही ठाऊक नव्हतं. तिला नेणारं घरात दुसरं कुणीच नव्हतं.