आईच्या मांडीवरचा सिनेमा

आईला दर तीन आठवड्यांनी नागपूरला न्यायचं ठरलं, तेव्हा घरात चर्चा झाली ती रस्त्याची. आजाराचं नाव कोणी घेत नव्हतं, पण रस्त्याला नावं ठेवायला सगळे तयार होते. जबलपूर सोडलं की तिलवाऱ्याचा पूल, मग बरगी, लखनादौन, सिवनी आणि त्यापुढचं जंगल. सिवनीनंतर डांबर इतकं उखडलेलं होतं की गाडी चालायची कमी आणि डुलायचीच जास्त. कारखान्यात सगळी नोकरी करून रिटायर झालेल्या बाबांच्या कंबरेला तो प्रवास झेपणारा नव्हता. तेव्हा मी शिकवत होते त्या शाळेतून मी रजा घ्यायची आणि आईला घेऊन जायचं, असं ठरलं.

पहिल्या खेपेला सलाईन लावून आम्ही परत निघालो. मागच्या सीटवर आई खिडकीला डोकं टेकवून बसली होती. मला वाटलं, डोळा लागला असेल.

"झोपलीस का?" मी हळूच विचारलं.

"नाही. विचार करून राहिली."

"कशाचा?"

तिने काचेवरून डोकं उचललं. बाहेर सागाची झाडं एकामागून एक मागे जात होती. मग म्हणाली, "तोच तर येऊ देत नाही मी. तरी येतेच."

त्या प्रवासातच माझ्या मनात आलं की आईच्या डोळ्यांना काहीतरी द्यायला हवं. ती वाचणारी नव्हती, पण सिनेमा तिला फार आवडायचा. त्या सुमारास जाड वहीएवढे छोटे लॅपटॉप दुकानांत यायला लागले होते. आमच्या शाळेतल्या एका बाई तसा एक पर्समध्ये घालून आणायच्या. मी घरी विषय काढला तर बाबा म्हणाले, "चालत्या गाडीत सिनेमा? मळमळेल तिले."

"मळमळते ते औषधानं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "सिनेमानं काहून मळमळेल?"

मी एकटीच जाऊन घेऊन येणार होते. पण शनिवारी आई साडी बदलून, डोक्याला रुमाल बांधून दारात उभी. तोवर दुसरी खेप होऊन केस गेले होते. "मांडी माझी, मशीन माझ्या मांडीवर राहणार, आणि पसंत तुम्ही काहून करून राहिले?" असं म्हटल्यावर बाबांनीही तोंड मिटलं.

बाजारातल्या कमानिया गेटपाशी ऑटो सोडली आणि आम्ही गर्दीतून सावकाश चालत निघालो. सराफ्यातून जाताना आई एरवी काचेपाशी रेंगाळायची, घ्यायचं काही नसलं तरी. त्या दिवशी ती सरळ चालत राहिली. दुकान एका अरुंद जिन्याने वर होतं. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्याने काउंटरवर दोन मशिनी मांडल्या आणि मला काय काय सांगू लागला. आईने स्टूल ओढून घेतलं, पहिली मशीन उचलून मांडीवर ठेवली आणि दोन्ही गुडघे जोरजोरात वरखाली हलवू लागली.

दुकानदार घाबरला. "माताजी, ये क्या कर रही हैं?"

"सिवनी का रास्ता," आई म्हणाली.

त्या हिसक्यांनी पहिल्या मशीनचं झाकण हळूहळू मागे कलंडलं. आईने ती परत केली. दुसरीचं बिजागर घट्ट होतं, झाकण जागचं हललं नाही. तिच्यातलं चित्र तर असं, की मी बघतच राहिले. निळं पाणी, त्यात सोनेरी मासे, आरसा पुसून ठेवावा तसा लख्ख पडदा. मला वाटलं, झालं काम. तेवढ्यात चित्र बदललं, एक अंधारी गुहा आली आणि पडदा काळा झाला. आईचे गुडघे थांबले.

"यात तर मीच दिसून राहिली," ती म्हणाली.

मी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. काळ्या काचेत तिचा चेहरा होता, कपाळावरून सरकलेला रुमाल, भुवया नसलेले डोळे. महिनाभर ती आरशासमोर उभी राहिली नव्हती, हे मला त्या क्षणी कळलं. ट्यूबलाइटचा उजेड त्या चेहऱ्यामागे थरथरत होता.

दुकानदाराला मराठी येत नव्हती. पण त्याने आईकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि तो आत गेला. येताना त्याच्या हातात एक करड्या रंगाची मशीन होती, दिसायला अगदीच साधी.

"माताजी, ये दफ्तर वालों के लिए आती है. इसके परदे में चमक नहीं है. रंग थोड़े फीके लगेंगे, पर धूप में भी साफ दिखेगा."

आईने ती मांडीवर घेतली, गुडघे हलवून पाहिले, मग पुन्हा ती गुहा लावायला सांगितली. पडदा काळा झाला. नुसता काळा, शाळेतल्या फळ्यासारखा. ती बराच वेळ त्यात पाहत राहिली.

"हे ठीक आहे," ती म्हणाली. "यात कोणी नाही."

तेवढ्यावर खरेदी झाली. बॅटरी किती चालेल, हे मी नंतर विचारलं. सिनेमा पाहिला तर निम्मा रस्ता, असं दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितलं. कानांत घालायच्या दोन बोंडकांची इअरफोनची छोटी वायर त्याने वरून दिली. ती आईच्या हातात ठेवताना म्हणाला, "एक कान आपका, एक बेटी का."

त्यानंतरचे प्रवास मला एकामागून एक असे आठवत नाहीत. सगळे मिळून एकच लांबलचक सकाळ असल्यासारखे वाटतात. आईच्या मांडीवर उशी, उशीवर ती करडी मशीन, तिच्या उजव्या कानात एक बोंडूक, माझ्या डाव्या कानात दुसरं. वायर आखूड होती, त्यामुळे आमची डोकी एकमेकींना टेकलेली असायची. जंगल लागलं की सागाच्या सावल्या पडद्यावरून सरकत जायच्या. सिनेमातल्या दिवाणखान्यातून झाडं चालत गेल्यासारखी वाटायची. कधी आईचा डोळा लागायचा. मग मी वायर न हलवता तशीच बसून राहायचे आणि जागी झाली की ती विचारायची, "लगन झालं का तिचं?"

आमचा ड्रायव्हर नेहमी तोच असायचा, त्याला आम्ही भैया म्हणायचो. मशीन घेतल्यावरच्या दुसऱ्याच खेपेला तो आरशातून पाहत म्हणाला, "अम्मा, बातचीत आप लोग सुनो. पर गाना आए तो तार निकाल देना." तेव्हापासून गाणं आलं की मी वायर उपटायची. गाडीभर गाणं व्हायचं, भैया स्टिअरिंगवर ताल धरायचा, आणि गाणं संपलं की आम्ही दोघी पुन्हा कानांत बोंडकं घालून आपल्या गोष्टीत शिरायचो.

एकदा मी फार जुना, काळा-पांढरा सिनेमा भरून आणला होता. आईने नावं वाचली, कपाळाला आठ्या घातल्या. नदीकाठी बैलगाडी आली, नायिका खाली उतरली.

"हा पाहेल आहे मी," आई म्हणाली. "पण हा तो वाटत नाही."

"म्हणजे?"

"ती त्या बाजूनं उतरे. नदी इकडं होती."

मला वाटलं, औषधाने गोंधळली असेल. पण तिने मशीन थांबवायला लावली आणि सांगू लागली. लग्न होऊन भंडाऱ्याकडून ती नवी नवी जबलपूरला आली, तेव्हा कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या मैदानावर शनिवारी कापडी पडदा बांधून सिनेमा दाखवत. घरचं सगळं आवरून बायका पोचेपर्यंत पुढची जागा भरून गेलेली असायची. मग त्या पडद्याच्या मागे जाऊन बसायच्या. तिथूनही सगळं दिसायचं, फक्त उलटं.

"सारे डावखुरे," आई हसून म्हणाली. "डाव्या हातानं जेवत, डाव्या हातानं कुंकू लावत. मले वाटे, सिनेमातले लोक असेच राहतात. तुह्या बाबांनी सांगतलं तवा कळलं."

मला आठवलं, या मशीनमध्ये चित्र उलटवायची सोय कुठेतरी होती. गाडी खड्ड्यांतून हेलकावत होती, बाण नेमक्या जागी टेकत नव्हता, पण अखेर जमलं आणि मी सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला. नावं उलटी झाली, नदी डावीकडे गेली, आणि नायिका दुसऱ्या बाजूने उतरली.

"हां," आई म्हणाली. "ही. हीच होती."

तिने माझा हात धरला. पुढचा सगळा सिनेमा आम्ही तसाच पाहिला. नायकाने डाव्या हाताने पत्र लिहिलं, डाव्या हाताने दार लोटलं. आईच्या चेहऱ्यावर असं काही होतं की ती माझी आई न वाटता, गवतावर बसलेली, हिरव्या बांगड्यांची, माझ्याहून लहान मुलगी वाटत होती. मी तिला कधी भेटले नव्हते. सिवनीपासून लखनादौनपर्यंत ती माझ्या शेजारी बसली होती.

पावसाळा सरला आणि औषधांचा शेवटचा फेरा आला. डॉक्टरांनी कागद उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "आता सहा महिन्यांनी या. तोवर खा, प्या, फिरा." आईने फक्त मान हलवली. गाडीत बसल्यावर मी विचारलं, "लावू का सिनेमा?"

"लाव."

मी लावला, पण ती बाहेरच पाहत होती, म्हणून थोड्या वेळाने बंद केला. त्या दिवशी ती वाटभर बाहेर पाहत होती. कुठल्या शेतात काय लावलंय, कुठे नवी टपरी झाली, असं काहीबाही सांगत होती. उन्हं कलताना बरगी आलं. रस्त्याच्या कडेला दोन बायका पाटीत मासे घेऊन बसल्या होत्या.

"भैया, रोको जरा," आई एकदम म्हणाली.

कितीतरी महिने तिला अन्नाचा वास सहन होत नव्हता. मासळीचं तर नावही नको असायचं. पण ती दार उघडून उतरली, पदर खोचला आणि पाटीसमोर उकिडवी बसली. एक मासा उचलला, कल्ला उघडून पाहिला, ठेवला, दुसरा घेतला. मग तिचा जुना, खणखणीत आवाज कानावर आला, "आज का है ना? झूठ नहीं बोलना." मासेवाली शपथा घेऊ लागली. भैयाही खाली उतरून त्यांच्यात सामील झाला.

मी गाडीतच बसून होते. लखनादौननंतर मी पुन्हा लावलेला सिनेमा सीटवर चालू होता, पाहायला कोणी नव्हतं. वाऱ्याने आईचा रुमाल मागे सरकला होता आणि तिच्या डोक्यावर लव उगवल्यासारखे केस दिसत होते, कोवळे, जवळजवळ पांढरे. तिने रुमाल सावरला नाही.

"अगं, उतर नं," तिने मला हाक मारली. "बाबांले दोन खाता येतील का तीन, सांग बरं."

मी मशीन बंद केली आणि उतरले.