उसना दाब

कंट्रोल रूममध्ये तिला सगळे ताई म्हणत, तिच्यापेक्षा वयानं मोठा असलेला फिटरसुद्धा. गॅसच्या मोठ्या पाइपलाइनचा दाब सांभाळणं हे तिचं काम. देशाच्या सीमेपर्यंत पाइप इकडच्यांचा, सीमेपुढे पलीकडच्यांचा. पलीकडे याच कामावर असलेल्या माणसाला तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण कामाची पाळी सुरू झाली की त्याचा फोन ठरलेला. तो आधी विचारायचा, दाब बरा आहे ना तिकडे? मग आकडे, मग घरचं. त्याच्या आईचे गुडघे, हिच्या नवऱ्याचं बंद पडलेलं वर्कशॉप, सगळं एकमेकांना पाठ. ती त्याला भाऊ म्हणायची. घरी मात्र त्याचं नाव 'पलीकडचा' असंच पडलं होतं, आणि नवरा चिडवायचा, की माझ्यापेक्षा त्याचीच खबरबात तुला जास्त.

दोघांचा एक शिरस्ता होता. थंडी वाढून इकडचा दाब उतरला की भाऊ न सांगता व्हॉल्व्ह थोडा उघडायचा. पुढं सवडीनं ही तितकाच गॅस परत सोडायची. कागदोपत्री याला काहीतरी भारदस्त नाव होतं, हे दोघं उसनं म्हणायचे. कुणी कुणाचं कधी बुडवलं नाही.

मग नियामक मंडळाला जाग आली. नवे नियम तसे वाईट नव्हते, हे ताईही कबूल करायची. इतकी वर्षं ज्याचा पाइप त्याचाच गॅस आणि तो सांगेल तो भाव. गिऱ्हाइकानं तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसायचा. आता पाइपवाल्यानं फक्त वाहतूक करायची, गॅस कुणीही विकावा, आणि दोन्ही देशांचा बाजार एकच. दाब उतरला तर स्क्रीनवर बोली लावून गॅस विकत घ्यायचा. उसनं बंद. बाजार एक म्हणून कंट्रोल रूमही एक, आणि पाळीप्रमुखही एकच. दोघांनीही अर्ज केला. त्या दिवशी फोनवर घरचं बोलणं झालं नाही.

परीक्षा मंडळाच्या कचेरीत होती. शेजारशेजारच्या दोन खोल्या, दोघांसमोर एकाच खोट्या पाइपलाइनचा स्क्रीन. इकडचा भाग हिच्याकडे, पलीकडचा त्याच्याकडे. थोड्या वेळानं हिच्या बाजूचा दाब घसरू लागला. काय करायचं ते तिला ठाऊक होतं, पण कीबोर्ड तिचा जन्माचा वैरी. बोली भरताना एक रकाना राहिला, स्क्रीननं ती परत पाठवली. दुसऱ्यांदा भाव चुकीच्या जागी पडला. दाबाचा काटा लाल रेषेला टेकायला आला आणि तिला घर दिसू लागलं, कारण घर आता तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं.

तिची बोली अजून अर्धवटच होती, तोच काटा वर चढू लागला. कुणी चढवला हे तिला विचारावं लागलं नाही.

निकाल लगेच लागला. ताईच्या बाजूचा दाब टिकला, पूर्ण गुण. पलीकडच्या उमेदवारानं बोली नसताना गॅस सोडला, म्हणून बाद. ताईनं परीक्षकाला स्पष्ट सांगितलं, की दाब मी नाही राखला, त्यांनी राखला. परीक्षक सज्जन होता. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, की नियमाला एवढंच विचारायचंय, दाब टिकला की नाही. यावर ती आणखी भांडू शकली असती. ती भांडली नाही. तिला लाज वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची तिला जास्त लाज वाटली.

बाहेर पॅसेजमध्ये एक बुटका, टक्कल पडलेला माणूस स्वेटर चढवत उभा होता. तिला पाहून तो थांबला.

"दाब बरा आहे ना तिकडे?"

तोच आवाज.

"असं का केलंत, भाऊ?"

"ठरवून नाही केलं. तुमचा दाब उतरलेला दिसला आणि हात गेला."

"हे उसनं आहे माझ्याकडे. मी परत करणार."

त्यानं स्वेटरचं शेवटचं बटण लावलं.

"आता उसनं बंद झालंय, ताई," तो म्हणाला, आणि आईला दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून घाईनं निघून गेला.