आखाजीपर्यंत निवळायचं पाणी

पहिल्या आठवड्यात काचेवर तपकिरी धूळ बसली, तेव्हा मी घाबरलो नाही. खाऱ्या पाण्याची टाकी नवी असली की आधी तपकिरी येतं, मग हिरवं, आणि पाणी मुरलं की दोन्ही आपसूक जातं. कोल्हापुरात एका माशांच्या दुकानात बारा वर्षं काचा पुसून एवढं मला कळत होतं. पण तिसऱ्या आठवड्यात दगडांवर बोटभर लांब हिरवं शेवाळ उगवलं, अगदी केसांसारखं. सकाळी हाताने उपटावं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच.

शेठ कमरेवर हात ठेवून टाकीसमोर उभे राहिले.

"काय रे कोकण्या, मी समुद्र सांगितला होता. तू तर पालक लावून ठेवली."

मी हसलो. भीती वाटली की मी आधी हसतो.

"आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, दुकान उघडायचं आहे. तोपर्यंत साफ झालं तर ठीक. नाही तर मीठबीठ बंद, गोड पाणी भरू, गोल्डफिश सोडू. अन् गोल्डफिश तर मी बी सांभाळून घेईन, त्याला तुझी काय जरूरत?"

ते रागावून बोलले असते तर बरं वाटलं असतं. ते हिशोबी आवाजात बोलले.

शेठचं मूळ काम केळीच्या व्यापाराचं. इंदूरच्या कुठल्याशा हॉटेलात त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी पाहिली आणि ती डोक्यातच बसली. बुऱ्हाणपुरात असं कोणाकडे नाही, आपल्या नव्या माशांच्या दुकानात असलं पाहिजे. कोल्हापूरचं दुकान नेमकं तेव्हाच बंद पडलं होतं, आणि कोणीतरी माझं नाव सुचवलं. आठवीत शाळा सोडलेला, तिशी उलटलेला माणूस मी. शेठनी एक कागद मागितला नाही. राहायला मागची खोली दिली, पंखा नवा लावून दिला. ते उपकार मी रोज मोजायचो, आणि मोजून झाले की वाटायचं, हे कधीही परत घेता येतात.

शेजारच्या गल्लीत यंत्रमाग चालायचे. दिवसभर खटखट, पण माझ्याशी बोलणारं कोणी नाही. आई फोनवर विचारायची, "थंय दर्या नाय मा?" मी म्हणायचो, "आसा गे आये, चार फुटांचो." ती हसायची. गावी सगळ्यांना सांगून आलो होतो की दुकान मीच बघणार आहे. गोल्डफिशमुळे परत आलो, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

बोलायला होते ते एक सर. शेठचे थोरले भाऊ, गणिताचे निवृत्त शिक्षक. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून लांब चालवत नव्हतं, म्हणून दुपारी तीनला काठी टेकत समोरच्या घरातून दुकानात येऊन बसायचे. दुकान अजून उघडलं नव्हतं. आत मी, सर आणि दोन नारिंगी मासे, एवढेच.

"आठवीत सोडली? कोणी अडवलं नाही?"

"नाही, सर."

"माझ्या वर्गात असता तर कान धरून बसवला असता. अजून धरू शकतो, पास ये."

पाण्यातला नायट्रेट नावाचा क्षार वाढला की शेवाळ फोफावतं. तो मोजायची कागदाची पट्टी असते. पाण्यात बुडवली की गुलाबी होते, जितकी गडद तितका क्षार जास्त. मी रंग बघून नुसता म्हणायचो, "जास्त आहे." सरांना ते चालेना. डब्यावरचं इंग्रजी त्यांनी वाचून दाखवलं, रंगापुढचे आकडे समजावले, आणि आलेखाचा कागद भिंतीला चिकटवला. आडवे दिवस, उभे आकडे. रोज दुपारी एक टिंब, टिंबाला टिंब जोडायचं.

"जास्त आहे म्हणजे काही नाही होत. किती, कालपेक्षा किती, ते बोल."

मला आलेख काढता येईल असं कधी वाटलं नव्हतं. पहिली रेघ जोडली आणि ती पुन्हा एकदा गिरवली. सर म्हणाले, "देख, आला ना!"

रेघ मात्र चढतच गेली. मी दिव्याची वेळ कमी केली. दुकानात पश्चिमेचं ऊन यायचं, तिथे जाड पडदा लावला. रोज चार वाजता पलीकडच्या गल्लीतल्या प्लँटवरून शुद्ध पाण्याचे कॅन आणायचो, निळ्या ड्रममध्ये मीठ कालवायचो, टाकीतलं थोडं जुनं पाणी काढून नवं घालायचो. माशांना चिमूटभरच खायला द्यायचो. वीसचे चाळीस झाले. आखाजीला बारा दिवस उरले.

मग सर एका लग्नाला तीन दिवस खकनारला गेले. त्या तीन दिवसांत मी वेगळं काहीच केलं नाही. तेच पाणी, तेवढंच खाणं. रेघ खाली आली. चाळीसवरून तीस, मग पंचवीस. मी खूश होऊन कागदासमोर उभा राहिलो, आणि खुशी तिथेच थांबली.

सर परत आले त्या दिवशी मी रिकामे कॅन घेऊन निघालो आणि कोपऱ्यावरून मागे वळलो. सर टाकीजवळ उभे होते. स्टीलच्या छोट्या डबीतून कणकेच्या गोळ्या एकेक पाण्यात सोडत होते. ओठ हलत होते. मासे एखादी टोचत होते, बाकीच्या दगडांच्या फटीत उतरत होत्या. मी तसाच पुन्हा कॅन आणायला गेलो.

तापीच्या घाटावर सर आणि बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, रोज माशांना कणीक घालायला जायचे, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. बाई गेल्या, नंतर गुडघा गेला. नदीतल्या माशांना कणकेने काही होत नाही, वाहतं पाणी सगळं नेतं. माझा दर्या चार फुटांचा, त्यात पडलेलं तिथेच कुजतं.

पाच दिवस मी बोललो नाही. शेठला सांगितलं असतं तर ते घरी सगळ्यांसमोर सरांना बोलले असते. सरांना सांगितलं तर ते येणं बंद करतील. आणि काहीच नाही सांगितलं तर मी गावी. रेघ पुन्हा पस्तीसवर गेली. सहाव्या दिवशी सरांनीच काठीचं टोक कागदावर ठेवलं.

"इथे तीन दिवस खाली का आलं? कारण सांग."

"दिवा कमी लावला होता, सर."

"खोटं. दिवा तू त्याच्या आधीच कमी केला होतास. कारण सांग."

"तुम्ही खकनारला होता, सर."

ते कागदाकडे बघत राहिले. मग टाकीकडे. मी कणीक हा शब्द उच्चारला नाही, तशी गरजही पडली नाही. त्यांनी खिशातली डबी चाचपली, काढली नाही.

"उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले. "पाणी आणायला उशीर होईल तुला. जा."

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. गुडघा दुखतो, असा निरोप आला.

मी दगड एकेक बाहेर काढून खाऱ्या पाण्यात ब्रशने घासले, फटींतली कुजकी कणीक काढली, शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या. आखाजीच्या आदल्या दिवशी पट्टीचा रंग फिका गुलाबी होता आणि दगडांचा जांभळट रंग दिसायला लागला होता. शेठनी पाहुण्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. "हा आपला समुद्रवाला!" सर दहा मिनिटं आले, पुरणपोळीचा एक घास खाल्ला, टाकीकडे लांबून पाहिलं, "छान" म्हणाले आणि गेले. मी त्यांच्या घराच्या फाटकापर्यंत मागे गेलो. दुपारी येत जा म्हटलं. "आता तुझी गिऱ्हाइकं येतील," ते म्हणाले.

गिऱ्हाइकं येतात. फोटो काढतात, गप्पी मासे घेऊन जातात. दुपारी तीन ते पाच कोणी नसतं.

मी सरांना फोन करायला लागलो. चार वाजता, पट्टी बघून झाली की. "सर, आज दहा." "बरं," म्हणून ते ठेवून द्यायचे. "सर, आज पाच." "बरं." बरेच दिवस असंच चाललं. मी आकड्यापलीकडे काही बोलायचो नाही, बोललो तर हेही बंद होईल या भीतीने.

काल त्यांनी फोन लगेच ठेवला नाही.

"खातात का नीट?"

"खातात, सर."

"काय देतोस?"

"पाकिटातलं. कोरडं असतं, चिमूटभर."

मग त्यांनी विचारलं, "आणि तू जेवलास?"

दुपारचे चार वाजून गेले होते. मी नाही म्हणालो.