न दिसणाऱ्या कामाची जाहिरात

रफूमावशीच्या धंद्याची मुळातच एक पंचाईत होती. काम फसलं तर ते रस्त्याच्या पलीकडूनही दिसायचं, आणि साधलं तर कोणालाच दिसायचं नाही. मावशीची कामं सहसा फसत नसत, म्हणून तिचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं.

पुढच्या खोलीत खिडकीशी तिची खुर्ची. कोटाला ठिणगीनं भोक पडलं, शालीला कसर लागली, की त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून दोरे काढायचे आणि भोकावर उभे-आडवे विणत कापड पुन्हा होतं तसं करायचं. याला ठिगळ म्हणणाऱ्या माणसाला मावशी दुसऱ्यांदा पाणी विचारत नसे. हे काम दिवसाउजेडीच होतं. दिव्याखाली काळा आणि गडद निळा दोरा सख्ख्या भावांसारखे दिसतात, आणि एक चुकीचा दोरा गेला की सगळं मुसळ केरात.

वर्षानुवर्षं काम आणून द्यायचा कोपऱ्यावरचा लॉन्ड्रीवाला. गिऱ्हाइकांना वाटायचं, रफू तोच करतो. हा गैरसमज दूर करायची त्याला कधी घाई झाली नाही. मग एक दिवस त्यानं दुकान विकलं आणि तो लेकीकडे राहायला गेला. मावशीच्या खुर्चीपुढचं टेबल रिकामं झालं.

लगेच रविवारी मुलगा आला. तो आणि सून वेगळे राहत. त्याचं ऑफिस नदीपलीकडे होतं आणि मतं सगळीकडे होती.

"आई, पुढची खोली भाड्यानं देऊन टाकू," तो म्हणाला. "हल्ली रफू कोण करतं? फाटलं की टाकतात आणि नवीन घेतात. माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, थंडी संपली की येईल राहायला."

"आणि मी कुठं बसू?"

"मागच्या खोलीत बस की."

मागच्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीकडे बघत होती. तिथं बसून मावशीला फार तर जप करता आला असता. खोली गेली की उजेड गेला, आणि उजेड गेला की ती नुसतीच कोणाची तरी आई उरणार होती. आई असण्याबद्दल तिची तक्रार नव्हती, पण पूर्णवेळ तेवढंच करायची तिची तयारी नव्हती.

"थंडी संपेपर्यंत थांब," ती म्हणाली. "तोवर काम आलं तर खोली माझी."

काम कसं येणार, हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिचे यजमान निवृत्त बस कंडक्टर होते आणि कुठल्याही प्रश्नावर पुढचा थांबा आल्याशिवाय बोलत नसत. दोन दिवसांनी ते म्हणाले, "जाहिरात द्यावी लागेल."

जाहिरातवाला आला. त्याचं एक साप्ताहिक पत्रक होतं. ते प्रत्येक भागासाठी वेगळं छापून दाराखालून सरकवलं जाई. "मावशी, बोलणाऱ्याची बोरं विकतात," त्यानं बसण्याआधीच सांगितलं. "एक फोटो द्या. आधीचा आणि नंतरचा, शेजारी शेजारी. लोकांना फरक दिसला पाहिजे."

"आधीचा कशाला?"

"भोक दिसायला."

मावशीनं सुई खाली ठेवली. "लोक विश्वासानं माझ्याकडे भोक घेऊन येतात, भाऊ. ते मी चव्हाट्यावर मांडू? फोटो झालेल्या कामाचा घ्या."

शेवटी यजमानांच्या कोटाचा फोटो निघाला. निरोप समारंभाला शिवलेला तो कोट त्याच समारंभात एका खिळ्याला अडकला होता आणि मावशीनं तो असा दुरुस्त केला होता की आता खिळाही शपथेवर सांगू शकला नसता. पत्रक आलं. त्यात एक उत्तम कोट होता, खाली फोन नंबर होता, आणि बारीक अक्षरांत 'रफू' असं लिहिलं होतं.

फोन खूप आले. ते यजमानांनी घेतले.

"कोट केवढ्याला?"

"विकायचा नाही."

"मग जाहिरात कशाला दिली?"

"त्याला भोक होतं."

"कुठं?"

"आता नाही."

इथं समोरचा माणूस फोन ठेवी. एकानं निळ्या रंगात आहे का विचारलं, एकानं छातीचं माप कळवलं. जाहिरातवाल्यानं आनंदानं सांगितलं, की एवढा प्रतिसाद आजवर कोणालाच मिळाला नव्हता.

"हात दाखवून अवलक्षण," यजमान म्हणाले.

मावशीला मनापासून वाईट वाटलं. दुसऱ्या आठवड्यात तिनं फोटो काढून टाकला आणि मोठ्या अक्षरांत सरळ लिहायला सांगितलं, की कपड्याचं भोक दिसेनासं करून मिळेल. आता कोटाची मागणी थांबली आणि बाकी सगळंही थांबलं. शेजारीण दारात येऊन म्हणाली, "जाहिरात वाचली हं, छान आहे," आणि तशीच गेली.

त्याच संध्याकाळी यजमान फिरून आले, चपला काढल्या, हातपाय धुतले, चहा घेतला आणि मग बोलले. "शेजारीणबाई बसमध्ये दिसल्या. पिशवीत शाल होती. कसर लागलेली. नदीपलीकडे चालल्या होत्या, रफूला."

मावशीनं कप खाली ठेवला. "काखेत कळसा नि गावाला वळसा. मी भिंतीपलीकडे बसलेय ना."

"म्हणूनच," यजमान म्हणाले. "जन्मभर मी तेच बघितलंय. नव्या वस्तू लोक कोपऱ्यावरून घेतात. फाटकं, मोडकं पिशवीत घालून बसनं लांब नेतात. आपलं भोक शेजारणीला कोण दाखवील? झाकली मूठ सव्वा लाखाची."

इतकी वर्षं संसार करून मावशीला नवऱ्याचं एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच ऐकायला मिळालं. तिनं रात्रभर विचार केला नाही, कारण त्यात विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सकाळी तिनं जाहिरातवाल्याला फोन लावला.

"आमच्या भागातली जाहिरात बंद करा. नदीपलीकडच्या पत्रकात टाका."

"मावशी, पण तुम्ही इथं राहता. लोक जवळचं शोधतात."

"डॉक्टर शोधतात जवळचा. तुम्ही तिकडे टाका. आणि लिहा, कपडे घरून नेऊ आणि घरी पोहोचवू. नाव कोणाला सांगणार नाही."

यजमानांना बस फुकट होती. ते पिशवी घेऊन जात आणि भरून आणत. तिकडचा एक लॉन्ड्रीवालाही जाहिरात वाचून काम देऊ लागला, आणि रफू आपणच करतो असं गिऱ्हाइकांना सांगू लागला. मावशीला घरी परतल्यासारखं वाटलं. टेबल भरलं. तरी चिंता होती. थंडी सरत आली होती आणि थंडीचं काम पुढं टिकेल, हे मुलाला पटवायचं कसं ते सुचत नव्हतं.

अशात त्या लॉन्ड्रीतून एक करडा कोट आला. बाहीवर, कोपराच्या जरा वर, जळल्याचं भोक. मावशीनं सवयीप्रमाणे दोरे काढायला कोट उलटा केला आणि थांबली. आतल्या खिशाची शिवण तिची स्वतःची होती. मुलाला पहिली नोकरी लागली तेव्हा पाकीट पडू नये म्हणून तिनं तो खिसा दुहेरी टाके घालून पक्का केला होता.

फाटलं की टाकतात, म्हणाला होता.

आधी तिला राग आला. लेकरानं आईपासून भोक लपवायचं? मग तिच्या लक्षात आलं, की त्यानंही तो टाकला नव्हता. त्या बाहीवर ती दोन दिवस खपली. यजमानांनी विचारलं, "कोणाचं आहे?"

"गिऱ्हाइकाचं," ती म्हणाली.

थंडी संपता संपता मुलगा आला. अंगात करडा कोट होता. मावशीनं बाहीकडे बघितलं आणि रफूची जागा तिची तिलाच सापडली नाही.

"आई, तो माणूस पुढच्या आठवड्यात सामान आणतोय," तो म्हणाला. "तू मागं हलायचं बघ."

"काम आलंय. खोली द्यायची नाही."

"थंडीचं चार दिवस आलं असेल. या भागात आता कोण करतं रफू?"

यजमान पेपरामागून मावशीकडे बघत होते, ती टेबलावरचा ढीग मुलापुढे उघडून दाखवील म्हणून. मावशीनं ढिगावर चादर ओढली. एका बोटानं बाहीकडे दाखवलं असतं तरी वाद तिथंच संपला असता. पण भोक गिऱ्हाइकाचं असतं.

"या भागातलं नाही," ती म्हणाली. "सगळं नदीपलीकडून येतं. तिथल्या एका लॉन्ड्रीतून."

मुलगा काही बोलणार होता. त्याचा उजवा हात डाव्या बाहीवर गेला, कोपराच्या जरा वर, आणि तिथंच राहिला. बोटं भोक शोधत होती. मावशी सुईत दोरा ओवत होती. तिनं वर बघितलं नाही.

मग बाही सोडून तो म्हणाला, "त्या माणसाला मी नाही म्हणून कळवतो."

"चहा घेऊन जा," मावशी म्हणाली. "आणि जरा बाजूला सर, उजेड अडतोय."